नोंद सापडते तरी कशी?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझ्या आत्याला हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत घेऊन गेलो होतो. आत्या ८४ वर्षांची. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात तिने ३१ वर्षे नोकरी केली, आणि त्या नोकरीचे निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून आपण अजून जिवंत आहोत हे तिला दरवर्षी एकदा सही करून सांगावे लागते. "जन्मभर दुसऱ्यांचे जन्म-मृत्यू लिहिले, आता माझाच शेरा मला लिहून द्यावा लागतो," असे ती दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी मी हसतो.

खिडकीतल्या मुलीने खाते क्रमांक विचारला, बोटे चालवली, आणि पापणी लवते न लवते तोच पडद्यावर आत्याचे नाव, जन्मतारीख, पत्ता सगळे हजर! आत्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मुलीकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले. तिथे काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर मात्र विचारले,

"काय रे, या बँकेत खाती किती असतील?"

"कोटींनी असतील, आत्या."

"आणि त्या पोरीने एक पान उलटलं नाही, कुठे बोट फिरवलं नाही. मग मी सापडले कशी?"

"कॉम्प्युटर शोधतो," मी म्हणालो.

"शोधतो हे मलाही दिसलं. कुठे शोधतो ते विचारतेय."

वाचकहो, ज्यांना डेटाबेस म्हणतात त्या माहितीच्या कोठारांची राखण करणे हाच माझा गेल्या पंचवीसेक वर्षांचा धंदा. पण घर येईपर्यंत मला या साध्या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. मग पुढले चार-पाच दिवस संध्याकाळच्या चहाच्या वेळी आमची शिकवणी चालली. त्यात कोण कुणाला शिकवत होते हे मात्र मी खात्रीने सांगणार नाही.

गंमत अशी, की हा प्रश्न कुणाला पडूच नये म्हणून एका माणसाने मोठी खटपट केली होती. त्याचे नाव एडगर कॉड. जन्माने इंग्रज, ऑक्सफर्डला गणित शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला हा गृहस्थ पुढे अमेरिकेत सॅन होझे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी यंत्रातली माहिती काढायची, तर ती कुठल्या वाटेने, कुठे ठेवली आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागे. या नोंदीवरून त्या नोंदीवर, तिथून पलीकडच्या, असे दोरी धरून भुयारातून जावे तसे जायचे. मांडणी बदलली की वाट चुकली! कॉडचे म्हणणे असे, की वापरणाऱ्याला सारी माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात दिसावी, आडव्या ओळी नि उभे रकाने. त्याने काय हवे ते सांगावे. ते कुठे ठेवले आहे याची काळजी यंत्राने करावी.

"म्हणजे साहेबाने मागायचं आणि कारकुनाने शोधायचं," आत्या म्हणाली. "यात नवीन ते काय?"

नवीन एवढेच, की कारकून यंत्राच्या आत बसवायचा होता. त्यात पुष्कळ वर्षे गेली. आणि त्या आतल्या कारकुनाचे काम तंतोतंत आत्याच्या कामासारखे आहे, हे मला तिच्याशी बोलतानाच उमगले.

माहिती राहते कुठे, इथपासून आम्ही सुरुवात केली. आयबीएमच्याच लोकांनी १९५६ साली सॅन होझे येथे पहिले तबकडीचे यंत्र बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, एकूण वजन टनभर, आणि एवढ्या धुडात मावायची ५० लाख अक्षरे. आज त्याच्या हजारो पट माहिती तळहातावरच्या डबीत बसते. पण फिरत्या तबकडीचा स्वभाव बदललेला नाही. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला सेकंदाचा सुमारे १२० वा भाग घेते. शिवाय सुईचा दांडा सरकायला वेळ लागतो तो वेगळा. आपल्याला हा वेळ वेळच वाटत नाही. यंत्राला तो युगासारखा वाटतो. यंत्राच्या चालू स्मृतीतली गोष्ट उचलायला जर एक सेकंद लागतो असे धरले, तर तबकडीवरची गोष्ट आणायला एक दिवस आणि वर जवळजवळ चार तास लागतात, असे हे प्रमाण आहे. हल्ली न फिरणाऱ्या, नुसत्या चिपांच्या डिस्का आल्या आहेत. त्या पुष्कळ जलद, तरी स्मृतीच्या मानाने मंदच.

तेव्हा आतल्या कारकुनाचे पहिले ब्रीद असे, की तळघरातल्या कपाटाकडे खेपा होता होईल तो कमी घालायच्या. एकदा हे ध्यानात धरले, की पुढची सगळी करामत आपोआप समजू लागते.

खेप वाचवायची तर एकेक ओळ आणण्यात अर्थ नाही. म्हणून यंत्र कधीही एक ओळ आणत नाही, पान आणते. मला ज्याची सवय आहे त्या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसचेच उदाहरण देतो. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर नावाच्या प्राध्यापकाने १९८६ साली हे काम हाती घेतले, आणि आज ते जगभर फुकट मिळते. त्याचे एक पान ८,१९२ बाइटांचे. बाइट म्हणजे ढोबळ मानाने एका रोमन अक्षराची जागा. आपले देवनागरी जरा ऐसपैस. आजच्या रूढ लेखनपद्धतीत आपले प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खाते, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'उमा' हे नाव ९ बाइटांचे, 'श्रीनिवासराव' ३६ बाइटांचे! अशी पाने एकापाठोपाठ एक लिहून फाइल होते. ती १ गिगाबाइटची, म्हणजे १,३१,०७२ पानांची झाली, की नवी फाइल सुरू.

"रजिस्टर भरलं की पुढचा खंड," आत्या म्हणाली. "बरं, पुढे."

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो. ओळी तर लहानमोठ्या. उमाबाईंची आखूड, श्रीनिवासरावांची लांब. पानावर त्या लिहायच्या कशा? पानाच्या डोक्यावर २४ बाइटांचे शीर्षक. त्याखाली चार-चार बाइटांच्या छोट्या खुणा, एक, दोन, तीन, अशा क्रमाने. आणि खुद्द ओळी लिहितात त्या पानाच्या तळापासून वरच्या दिशेने. पहिली ओळ अगदी तळाशी, दुसरी तिच्या डोक्यावर. वरची प्रत्येक खूण फक्त एवढेच सांगते, की माझी ओळ या पानावर अमुक जागी सुरू होते आणि एवढी लांब आहे. खुणा वरून खाली येतात, ओळी खालून वर येतात. पंगतीत दोन टोकांनी निघालेले वाढपी मधोमध भेटावेत तशी त्यांची गाठ पडली, की पान भरले.

एवढी उठाठेव कशाला? तर पत्त्यासाठी. ओळीचा पत्ता म्हणजे पान क्रमांक आणि खूण क्रमांक, बस्स. पानासाठी चार बाइट, खुणेसाठी दोन, असा सगळा पत्ता सहा बाइटांत. मी कागदावर लिहून दाखवले: (१३७, २२). १३७ क्रमांकाच्या पानावरची २२ वी खूण. पानातली मोकळी जागा सांधण्यासाठी ओळी इकडेतिकडे सरकल्या, तरी खुणेतला मजकूर तेवढा बदलतो. बाहेर दिलेला पत्ता बदलत नाही. वाड्याच्या मालकाने बिऱ्हाडकरूला खालच्या खोलीतून माडीवर हलवले, तरी पोस्टमनला त्याची वार्ता नको, तसे. ही युक्ती कॉडच्याच कंपनीत, १९७०च्या दशकात 'सिस्टिम आर' नावाच्या प्रयोगात वापरली गेली.

त्या प्रयोगातला जिम ग्रे नावाचा एक तरुण पुढे या विषयातला मोठा माणूस झाला. यंत्र मध्येच बंद पडले तरी पैशांचा व्यवहार अर्धवट राहू नये, लिहिलेले हरवू नये, हा त्याचा ध्यास. १९९८ साली त्याला या शास्त्रातला सर्वांत मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ च्या जानेवारीत तो आईच्या अस्थी विसर्जन करायला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात आपल्या होडीतून एकटा गेला आणि परत आला नाही. उपग्रहांनी काढलेल्या समुद्राच्या चित्रांचे तुकडे पाडून हजारो लोकांनी घरी बसून ते डोळ्यांखाली घातले. होडी सापडली नाही. हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

आता एक प्रश्न राहतोच. पत्ता ठाऊक असेल तर ओळ एका खेपेत मिळते हे ठीक, पण पत्ता सांगणार कोण? बँकेतल्या मुलीला खाते क्रमांक ठाऊक होता. (१३७, २२) तिला कुठून ठाऊक असणार? आणि वाचकांची समजूत असते तशी तक्त्यातली ओळ क्रमाने लिहिलेली मुळीच नसते. जिथे जागा मिळेल तिथे ती जाते. पोस्टग्रेसचे लोक या फाइलीला सरळ 'ढीग' असेच म्हणतात.

"ढीग?" आत्याला हे मुळीच रुचले नाही. "दफ्तराला कुणी ढीग म्हणतं होय?"

"तुझ्या रजिस्टरात तरी नावं क्रमाने होती का?"

"तारखेने होती. नावाने कशी असतील? पोरं काय बाराखडीच्या क्रमाने जन्मतात? म्हणून तर मागे नावांची सूची असायची. माणूस आला, आडनाव सांगितलं, की आधी सूची उघडायची. तिथे खंड आणि पान. मग रजिस्टर."

हेच उत्तर! आतला कारकूनही आधी सूची उघडतो. फरक इतकाच, की कोटी नावांची सूचीदेखील लाखो पानांची होते, आणि मग सूचीला सूची लागते. १९७० च्या सुमारास सिएटल येथे बोइंग या विमान कंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी याची नामी व्यवस्था बसवली. तिला 'बी-ट्री' म्हणतात. यातला 'बी' कशाचा, हे त्या दोघांनी कधी स्पष्ट सांगितले नाही. बोइंगचा म्हणा, बायरचा म्हणा, आपली मर्जी. सगळ्यात वर एकच पान. त्यावर लिहिलेले असते, की अमुक क्रमांकापर्यंतची खाती पाहायची तर या पानावर जा, त्यापुढची त्या पानावर. त्या पानावर पुन्हा तसेच. शेवटच्या पायरीच्या पानावर खाते क्रमांक आणि त्यासमोर आपला सहा बाइटांचा पत्ता. एका पानावर नुसत्या तीनशे नोंदी धरल्या, तरी तीन पायऱ्यांत दोन कोटी सत्तर लाख खाती होतात. म्हणजे सूचीची तीन पाने आणि ढिगातले एक, एकूण चार पाने उघडली की कोट्यवधींतली माझी आत्या सापडते. त्यातही सूचीचे वरचे पान कुणी ना कुणी सारखे मागत असल्यामुळे ते तळघरात परत जातच नाही, टेबलावरच पडलेले असते. खेपा राहिल्या दोन किंवा तीन. ही त्या मुलीची जादू.

सूची भरली तर? पान मधून दुभंगते, अर्धी नोंद नव्या पानावर जाते, आणि वरच्या पानावर एक ओळ वाढते. वरचेही भरले तर तेही दुभंगते. झाड मुळाकडून न वाढता शेंड्याकडे एक मजला चढवते, आणि सगळ्या फांद्या कायम सारख्या लांबीच्या राहतात. मला अजूनही याचे नवल वाटते.

काही घराण्यांची रीत वेगळी आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसात सहसा ढीग नसतोच. तिथे मुख्य क्रमांकाच्या सूचीच्या तळच्या पानांवरच अख्खी ओळ लिहितात; पान १६ किलोबाइटांचे. मुख्य क्रमांकाने मागाल तर एक खेप वाचते. नावाने मागाल तर नावाच्या सूचीतून मुख्य क्रमांक मिळतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून मुख्य सूची उतरावी लागते. कुठली रीत बरी, यावर आमच्या व्यवसायात चहाचे पेले आपटले जातात. मी ढिगाच्या बाजूचा आहे, पण ते सवयीमुळे.

आणि सूची असली म्हणजे ती वापरलीच पाहिजे असेही नाही. "साहेबाने वर्षातले सगळे जन्म मागितले," आत्या म्हणाली, "तर सूची कशाला उघडू? रजिस्टर पहिल्या पानापासून वाचत सुटायचं." यंत्रही तेच करते. तक्त्यातल्या बऱ्याचशा ओळी लागणार असा त्याचा अंदाज झाला, तर सूची बाजूला ठेवून ते ढीग सरळ वाचत जाते. कधी अंदाज चुकतो, आणि मग रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो.

तिसऱ्या संध्याकाळी आत्याने तो प्रश्न विचारला, ज्याची मला थोडी धास्तीच होती. "खोडतात कसं?"

"तुम्ही कसं खोडायचा?"

"आम्ही खोडायचोच नाही. खाडाखोड म्हणजे गुन्हा. चुकीच्या नोंदीवर लाल शाईची एक रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे अशी. समासात शेरा, तारीख, सही. आणि नवी नोंद नव्या ओळीवर."

पोस्टग्रेस अक्षरशः हेच करते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, आपल्याला एरवी न दिसणारे, दोन आकडे असतात. ही ओळ कुठल्या व्यवहाराने लिहिली, आणि कुठल्या व्यवहाराने रद्द केली. रद्द झालेली नसेल तर दुसऱ्या रकान्यात शून्य. ओळ काढून टाका म्हटले, की यंत्र त्या दुसऱ्या रकान्यात काढणाऱ्याचा क्रमांक लिहिते आणि स्वस्थ बसते. पत्ता बदला म्हटले, की जुन्या ओळीवर तशीच रेघ आणि नवी ओळ दुसरीकडे. म्हणजे एखादा माणूस मोठा हिशेब वाचत बसला असताना दुसऱ्याने काही बदलले, तरी पहिल्याला आपली जुनी ओळ दिसत राहते. कुणी कुणाला खोळंबवत नाही. अशा रद्द ओळींना त्यांच्या भाषेत मेलेल्या ओळी म्हणतात, उरलेल्या जिवंत.

मेलेल्या ओळी साचत गेल्या तर ढीग फुगत जाणार. म्हणून अधूनमधून झाडूवाला येतो. ज्या मेलेल्या ओळी आता कुणाच्याच दृष्टीस पडायच्या नाहीत, त्यांचे पत्ते तो आधी सगळ्या सूचींतून काढतो, आणि त्यानंतरच ढिगातली खूण मोकळी करतो. हा क्रम उलटा झाला, तर सूची मेलेल्या माणसाच्या पत्त्यावर भलत्याच जिवंत माणसाकडे नेऊन उभी करील.

"हे सगळं तुला इतकं पाठ कसं?" आत्याने विचारले. मग मला ती गोष्ट सांगावी लागली. घरात मी ती कुणालाच सांगितलेली नव्हती.

२००६ सालच्या फेब्रुवारीत मी मुंबईच्या एका उपनगरातल्या छोट्या धर्मादाय संस्थेचे काम संध्याकाळी फुकट करीत असे. संस्थेकडे रक्तदात्यांची यादी होती. नाव, रक्तगट, टेलिफोन, शेवटचे रक्तदान कधी. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्यांचे आईबाप या यादीवर जगत. त्यात बॉम्बे रक्तगटाचे सात जण होते. हा दुर्मिळ गट १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला म्हणून त्याचे हे नाव; या गटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त चालते, दुसरे कुठलेही नाही.

एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी गेले होते, आणि अजून रक्तासाठी त्यांना फोन येत होते. "प्रत्येक वेळी मला सांगावं लागतं हो," त्या म्हणाल्या. "तेवढं नाव काढा." मी लगेच बसलो. आज्ञा दोन ओळींची. पहिली ओळ, या तक्त्यातून ओळी काढ. दुसरी ओळ, ज्यांचा क्रमांक अमुक आहे त्या. पहिल्या ओळीच्या शेवटी सवयीने माझ्या बोटातून अर्धविराम पडला. यंत्राच्या लेखी अर्धविराम म्हणजे आज्ञा पुरी झाली. पडद्यावर एक शब्द आणि एक आकडा उमटला: ११,३८४.

एक नाव काढायचे होते. सगळी गेली.

रोजच्या प्रती टेपवर जातात असे मी समजत होतो. टेप लावून पाहिली तर शेवटची वाचता येण्यासारखी प्रत चार महिन्यांपूर्वीची. तपासणे माझे काम होते. मी तपासले नव्हते. मूळ कागदी अर्ज तळमजल्यावर ट्रंकांत होते, त्या आदल्या वर्षीच्या २६ जुलैच्या पुरात लगदा झाल्या होत्या. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, आणि झाडूवाला मीच रात्री दोनला लावून ठेवला होता. त्या काळच्या आवृत्तीत तो आपण सांगू तेव्हाच येई, हे माझे नशीब.

मी सर्व्हर रीतसर बंद केला आणि ती फाइल दोन ठिकाणी उतरवून घेतली. सुमारे २४० पाने, हल्लीच्या फोनमधल्या एका फोटोएवढी. मग पान कसे असते याचे वर्णन समोर ठेवून ८,१९२ बाइट एकदम वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला बसलो. नऊच्या सुमाराला एका रुग्णालयातून फोन आला, ओ निगेटिव्ह हवे म्हणून. संस्थेचे काम पाहणाऱ्या वृद्ध बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून आठवणीने दोन टेलिफोन नंबर सांगितले. एक लागला.

साडेतीनच्या सुमाराला पहिल्या पानाच्या तळातून पहिले नाव वर आले. मग दुसरे. सगळे जागच्या जागी होते. प्रत्येक नावापुढे रद्द करणाऱ्याच्या रकान्यात एकच आकडा, माझ्या त्या एका आज्ञेचा क्रमांक. पानामागून पाने, ओळीमागून ओळी, अकरा हजार वेळा माझीच सही. ती पाहताना काय वाटले ते लिहीत नाही. पण त्या सहीनेच मार्ग दाखवला. त्याच दिवशी पाच वाजता कुणीतरी एका दात्याचा टेलिफोन नंबर दुरुस्त केला होता. त्याची जुनी ओळही पानात पडून होती, पण तिच्यावर रद्द करणाऱ्याचा क्रमांक वेगळा. तेव्हा जिच्यावर माझा क्रमांक ती खरी, बाकीच्या आधीच मेलेल्या. मोजल्या: ११,३८४. सगळ्या नव्या तक्त्यात भरल्या तेव्हा बाहेर दूधवाले फिरू लागले होते.

आत्याने कपातला थंड झालेला चहा संपवला. "आणि त्या बाईंच्या यजमानांची नोंद?"

ती अर्थातच सगळ्यांबरोबर परत आली होती. सकाळी मी तीच आज्ञा पुन्हा टाइप केली. एंटरवर बोट ठेवण्यापूर्वी दोन्ही ओळी तीनदा वाचल्या. यंत्राने आकडा दिला: १. त्या ओळीचा पत्ता मी आधी कागदावर उतरवून घेतला होता. तुला त्या दिवशी लिहून दाखवला तोच, (१३७, २२), मी आत्याला म्हणालो. मग झाडूवाल्याला हाताने चालवले. काही आठवड्यांनी उगाच कुतूहल म्हणून त्या पत्त्यावर कोण आहे ते पाहिले. महाविद्यालयातल्या शिबिरात नाव दिलेली एक मुलगी होती. वय १९, ए निगेटिव्ह.

आत्याच्या कपाळावर आठी पडली. "मेलेल्याचा क्रमांक आम्ही दुसऱ्याला कधी दिला नाही."

"क्रमांक नाही गं दिला, आत्या. दात्याचा क्रमांक वेगळा असतो, तो पुन्हा कुणाला मिळत नाही. ही नुसती जागा."

"नुसती जागा," ती म्हणाली. थोडा विचार केला. "मग ठीक आहे."

आणि आधण ठेवायला सांगितले.